एका दिवसात अख्खं त्रिनिदाद? नको हो!

मागच्या अंकात कॅरिबियन बेटांवर दोन ओळी काय लिहिल्या, सोलापूरहून प्रश्नांचा पाऊसच पडला, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यावरच करतेय. बहुतेकांची मुलं अमेरिकेत आहेत, तिकडे जायचंच आहे तर जोडून एखादं बेट बघू असा सगळ्यांचा विचार दिसतोय आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी त्रिनिदादच विचारलंय. त्यामुळे बार्बाडोस, जमैका वगैरे पुढच्या वेळी बघू.

प्रश्न: ताई नमस्कार, मी निवृत्त शिक्षिका, होटगी रोडला राहते. मुलगा न्यू जर्सीला असतो. आम्ही दोघं आणि माझे दीर-जाऊबाई असे चौघं त्याच्याकडे जाणार आहोत, तिथून चार-पाच दिवस त्रिनिदाद करायचं म्हणतोय. तिथल्या एका टूरवाल्याने "एका दिवसात पूर्ण बेट, दहा ठिकाणं, जेवणासकट" असं पॅकेज दिलंय. स्वस्तही वाटतंय. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ बाई, मनापासून सांगते. त्रिनिदाद नकाशावर ठिपक्याएवढं दिसतं म्हणून आपल्याला वाटतं की दिवसभरात होईल, पण ते साधारण ४८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. आता मला सांगा, सकाळी अक्कलकोट, दुपारी पंढरपूर, मग करमाळा आणि रात्री बार्शी करून घरी, असं पाहुण्यांना फिरवलं तर त्यांना सोलापूर कळेल का? त्यात राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचं सकाळ-संध्याकाळचं ट्रॅफिक भयंकर, उत्तरेला डोंगरातले वळणाचे रस्ते, आणि डांबराचा तलाव पार नैऋत्य टोकाला. दहा ठिकाणं म्हणजे दहा वेळा गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत चढायचं. पैसे गाडीच्या सीटवर बसण्याचे द्यायचे, बेट बघण्याचे नाहीत.

त्यापेक्षा तीन वेगळे दिवस धरा आणि प्रत्येक दिवसाला स्थानिक गाईड असलेली छोटी टूर घ्या. एक दिवस उत्तरेचा, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनचं ते मोठं सव्हाना मैदान, त्याच्या कडेचे जुने बंगले आणि मग डोंगर ओलांडून माराकास बीच. एक दिवस दक्षिणेचा, म्हणजे डांबराच्या तलावाचा, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि एक दिवस मधल्या भागाचा, चग्वानास-कॅरापिचाइमाकडचा. हा मधला दिवस कितीतरी पॅकेजमध्ये नसतोच, कारण तिथे बीच नाही. आपल्यासाठी मात्र अख्ख्या बेटावर तोच सगळ्यात महत्त्वाचा, हे मी अगदी ठासून सांगेन.

का ते सांगते. ३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती, उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते, म्हणून पाच-पाच वर्षांच्या करारावर आपली माणसं नेली. हेच ते गिरमिटिये. १९१७ पर्यंत हे चाललं आणि तोवर १ लाख ४० हजारांहून जास्त लोक तिथे गेले होते, बहुतेक सगळे आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले. त्यांची पाचवी-सहावी पिढी आता तिथे आहे. हिंदी बोलणारे फार थोडे राहिलेत पण घराघराच्या अंगणात बांबूवर लाल-पिवळ्या झेंड्या दिसतात, तिथे त्यांना झंडीच म्हणतात, पूजा झाली की लावतात. गाडीतून जाताना या झेंड्या दिसायला लागल्या की समजा आपण मध्य त्रिनिदादमध्ये आलो.

तिथे वॉटरलू गावात समुद्रातलं देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने आधी १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर छोटं देऊळ बांधलं होतं. कंपनी म्हणाली पाड, हे म्हणाले नाही पाडणार, तर त्यांना तुरुंगात टाकलं आणि देऊळ पाडून टाकलं. बाहेर आल्यावर या माणसाने ठरवलं की जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही ना, आणि सायकलवर दगड-सिमेंट वाहून ओहोटीच्या वेळी समुद्रात भराव टाकत वर्षानुवर्षं एकट्याने देऊळ उभं केलं. आत्ता जे आहे ते १९९५ मध्ये सरकारने नव्याने बांधलेलं, शेजारी त्यांचा पुतळा आहे. किनाऱ्यालगतच हिंदूंचा दहनघाट आहे. टूरवाले इथे पंधरा मिनिटं देतात, तुम्ही तासभर मागून घ्या, आणि गाईड त्याच भागातला असेल तर त्याच्या आजी-पणजोबांचं जरूर विचारा, ही माणसं भरभरून सांगतात हो.

तिथून जवळच कॅरापिचाइमाला दत्ताचं देऊळ आहे, दाक्षिणात्य पद्धतीचं, मैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, आणि आवारात ८५ फुटी हनुमानाची मूर्ती. आपण अक्कलकोट-गाणगापूरच्या वाटेवरची माणसं, आपल्याला सातासमुद्रापलीकडे दत्तमहाराज भेटतात तेव्हा काय होतं ते तुम्हीच अनुभवा. देवळात हाफ पँट चालत नाही, भावजींना आधीच सांगून ठेवा.

आणि हो, बुकिंग करताना एक नक्की विचारा, सांगितलेली किंमत कुठल्या डॉलरमध्ये आहे? तिथला डॉलर वेगळा, एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर मिळतात. नुसतं "डॉलर" लिहिलेलं असेल तर स्पष्ट लिहून घ्या. प्रवेश फी आणि बोटीचे पैसे त्यात धरलेत का तेही.

प्रश्न: आमचा पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप आहे, नान्नजला माळढोकसाठी आणि हिवाळ्यात उजनीला फ्लेमिंगोसाठी जातो. त्रिनिदादला लाल पक्षी दिसतात ते खरं का? टूरशिवाय बघता येतील का?

उत्तर: खरं आहे. स्कार्लेट आयबिस, त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी मुक्कामाला येतात. टूरशिवाय कसे बघणार, सगळं खारफुटीचं जंगल आणि मधे पाण्याच्या वाटा, बोटीशिवाय आत शिरताच येत नाही. दुपारी चारच्या सुमारास सपाट तळाच्या लांबट बोटी निघतात. पहिला अर्धा-पाऊण तास त्या अरुंद वाटांमधून हळूहळू जातात आणि गाईड काठीने डोक्यावरच्या फांदीवर वेटोळं घालून बसलेला साप दाखवतो, तो दाखवेपर्यंत आपल्याला दिसतच नाही. मग बोट मोकळ्या पाण्यात येते, इंजिन बंद करतात आणि गप्प बसायचं. आधी एक-दोन, मग दहा-वीस, मग थवेच्या थवे पाण्यावरून खालून उडत येतात आणि समोरच्या हिरव्या झाडांवर बसत जातात, बघता बघता झाडं लाल दिसायला लागतात. खेकडे-झिंगे खाऊन त्यांना तो रंग येतो, पिल्लं करड्या रंगाची असतात.

बोट मुद्दाम लांब उभी करतात, म्हणून दुर्बीण न्याच, मोबाईलवर फक्त लाल ठिपके येतील. "जवळ घ्या ना" म्हणून बोटवाल्याच्या मागे लागू नका, पक्षी बिथरतात. पूर्वी या पक्ष्यांची चोरून शिकार व्हायची, २०१८ मध्ये सरकारने त्यांना खास संरक्षण देऊन दंड बराच वाढवलाय. डासांचं मलम आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजेच. आमच्या होटगी रोडच्या बाईंना सुद्धा हेच सांगते, मधल्या भागाचा दिवस करून संध्याकाळी कॅरोनी धरा, पोर्ट ऑफ स्पेनला परत येतानाच्या वाटेवरच आहे.

प्रश्न: ताई, डांबराचा तलाव म्हणजे नेमकं काय बघायचं? डांबर तर आमच्या इथे रोज रस्त्यावर बघालोय. गुडघे दुखतात, चालायला किती लागतं?

उत्तर: काका, हे डांबर कारखान्यातलं नाही, जमिनीतून आपोआप वर येणारं आहे. ला ब्रेया गावात साधारण १०० एकरांचा तलाव, मध्यभागी सुमारे ७५ मीटर खोल, नैसर्गिक डांबराचा जगातला सगळ्यात मोठा साठा. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या जहाजांच्या फटी इथल्या डांबराने बुजवल्या होत्या. अजूनही तिथून डांबर काढून परदेशी पाठवतात.

पहिल्यांदा बघताना खरंच निराशा होते, लांबून एखाद्या सोडून दिलेल्या पार्किंगसारखं दिसतं, करडं-काळं, मधे मधे पाण्याची डबकी आणि गवत. खरी मजा चालायला लागल्यावर. वरचा थर घट्ट आहे म्हणून माणूस चालतो, पण काही जागा मऊ, आणि त्या कुठल्या हे फक्त तिथल्या माणसाला कळतं. गाईड काठी अशा जागी खुपसतो, गोल फिरवतो आणि वर उचलतो, तर काठीच्या टोकापासून जमिनीपर्यंत काळी चकचकीत तार लांबत जाते. शेजारच्या डबक्यात गॅसचे बुडबुडे येत असतात, गंधकाचा वास येतो. हा सगळा तलाव आतून सावकाश ढवळत असतो, बुडालेली झाडाची खोडं कधीतरी वर येतात आणि परत खाली जातात. पावसाळ्यात डबकी भरली की तिथले लोक त्यात डुंबतात, कातडीला चांगलं म्हणतात.

इथे गाईड नको म्हणून पैसे वाचवायचे नाहीत, अजिबात नाहीत. गेटबाहेर काही जण स्वतःहून "चला मी दाखवतो" म्हणत मागे लागतात, त्यांच्याबरोबर न जाता आत तिकीट खिडकीवरून मिळणारा अधिकृत गाईडच घ्या. गुडघ्यांचं म्हणाल तर चढ-उतार नाही, पण थराला घड्या आहेत आणि घड्यांमधे पाणी, त्यामुळे पाय उचलून टाकावा लागतो. काठी न्या, सपाट तळाचे बूट घाला आणि गाईडला सुरुवातीलाच सांगा की अर्धीच फेरी करायची. वेळ सकाळचीच, काळा पृष्ठभाग दुपारी असा तापतो की सोलापूरच्या माणसालाही नको होईल. पोर्ट ऑफ स्पेनहून जायला दीड-दोन तास धरा.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. टूरच्या जेवणात काय मिळणार? कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती न्यावी?

उत्तर: न्या थोडी, विमानात आणि पहिल्या दिवशी उपयोगी पडेल, पण पेटीभर नका नेऊ. सगळ्या कॅरिबियनमध्ये शाकाहारी माणसाची सोय इतकी चांगली जिथे होते अशा जागा फार थोड्या. सकाळी रस्त्याकडेला डबल्स मिळतात, हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना तिथे 'बारा' म्हणतात), त्यावर हरभऱ्याची पातळ उसळ, काकडीची नाहीतर चिंचेची चटणी आणि मिरचीचा ठेचा. विकणारा माणूस कागदावर त्या दोन पुऱ्या टाकतो, चमचाभर चना ओततो आणि कागदाची दोन टोकं पिळून हातात देतो, सगळं काही सेकंदात. तो "पेपर?" म्हणजे मिरची घालू का असं विचारेल, तेव्हा "स्लाईट", म्हणजे अगदी थोडी, म्हणायचं. सोलापूरकर म्हणतील आम्हाला तिखटाचं काय, पण तिथली स्कॉर्पियन मिरची जगातल्या सगळ्यात तिखट मिरच्यांमधली आहे, तेव्हा पहिल्यांदा स्लाईटच.

दक्षिणेच्या दिवशी गाईडला डेबे गावात गाडी थांबवायला सांगा. तिथे फुलौरी, सहीना, आलू पाय असे तळलेले पदार्थ, सगळं गरमागरम. जेवणात डाळपुरी, भोपळ्याची भाजी, बैगन चोखा म्हणजे वांग्याचं भरीत मिळतं. मात्र टूरच्या पॅकेजमधलं "लंच" म्हणजे बहुतेक वेळा चिकन नाहीतर मासे, आणि माराकासला सगळे जे खातात ते बेक अँड शार्क तर शार्क माशाचंच असतं. म्हणून बुकिंग करतानाच मांस, मासे, अंडं नको असं तिन्ही शब्दांत लिहा, नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं तर काहींना मासे चालतात असं वाटतं. ताजी फळं, बियाणं, रोपं बॅगेत नकोत, कस्टमवाले काढून घेतात.

प्रश्न: व्हिसा लागतो का? आणि पिवळ्या तापाची लस घ्या असं एक एजंट म्हणाला, तो उगाच घाबरवतोय का?

उत्तर: नाही, एजंट बरोबर सांगतोय. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना त्रिनिदादचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येतं, तरी तिकिटाआधी नियम एकदा ताजा बघून घ्या. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडामार्गे गेलात तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा. मुलाकडे राहून मधे त्रिनिदादला जाणाऱ्यांनी आपला अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे आणि मुदत बाकी आहे हे बघा, नाहीतर परत मुलाकडे जाताच येणार नाही.

लसीचं असं की पिवळ्या तापाची जोखीम असलेल्या देशांच्या यादीत भारत सरकारने त्रिनिदाद धरलंय. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं सर्टिफिकेट नसलं तर विमानतळावरूनच क्वारंटाईनमध्ये टाकू शकतात. तुम्ही नंतर अमेरिकेत जास्त दिवस राहणार असाल तरी सर्टिफिकेट असलेलं बरं, प्लॅन कधी बदलेल सांगता येत नाही. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, सर्टिफिकेट दहा दिवसांनंतर लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घ्यायची नाही, त्या वयात त्रासाची शक्यता जास्त असते. जुळत नसेल तर सरळ दुसरं बेट निवडा, तब्येतीपुढे काही नाही.

प्रश्न: मी क्रिकेटवेडा. वेळ एकच दिवस, ओव्हल बघायचंच आहे. जमेल?

उत्तर: जमवाच! क्वीन्स पार्क ओव्हल पोर्ट ऑफ स्पेन शहरातच आहे. ६ मार्च १९७१ ला सुनील गावसकर पहिली कसोटी खेळायला उतरले ते याच मैदानावर, ६५ आणि नाबाद ६७ केल्या आणि आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. त्याच दौऱ्यातली शेवटची कसोटीही इथेच, तिच्यात १२४ आणि २२०. आणि १९७६ मध्ये चौथ्या डावात ४०३ पाहिजे होत्या, आपण ४ बाद ४०६ केल्या, गावसकर आणि विश्वनाथ दोघांची शतकं. मागे हिरवे डोंगर दिसतात, टीव्हीवर पाहिलं असेलच. मॅच नसताना आत सोडतील का हे गाईडला आदल्या दिवशी फोन करून विचारायला लावा, ऐनवेळी गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. गाडीत वेळ मिळाला तर त्याच्याशी सॉनी रामाधीनचा विषय काढा, १९५० मध्ये वेस्ट इंडीजकडून खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू, मग बघा गाईड कसा खुलतो.

प्रश्न: जुळे सोलापूरमधला आमचा भिशीचा ग्रुप आहे, सगळ्या बायकाच. सुरक्षित आहे का?

उत्तर: खरं सांगते, पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत गुन्हेगारी आहे, टोळ्यांची भांडणं आहेत. ३० डिसेंबर २०२४ ला आणि परत जुलै २०२५ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. त्यामुळे बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात परिस्थिती बघाच. पर्यटक गाईडसोबत दिवसा फिरतात ती ठिकाणं वेगळी आहेत आणि लोक अतिशय आपुलकीने वागतात, पण रात्री पायी भटकायचं नाही, अंगावर सोनं नाही, मंगळसूत्र असेल तर साधं. टॅक्सीची नंबरप्लेट एच अक्षराने सुरू होते, ती बघूनच बसा. तुमच्यासारख्या ग्रुपला एक स्वतंत्र मॅक्सी टॅक्सी (तिथली मिनीबस) आणि तिन्ही दिवस तोच गाईड, हे सगळ्यात उत्तम, माणशी खर्चही कमी येतो. एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट, मिलिटरीच्या ठिपक्यांचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, नातवंडांच्या टोप्या-टीशर्टसुद्धा, बॅगेत टाकूच नका.

प्रश्न: कुठल्या महिन्यात जावं?

उत्तर: जानेवारी ते मे कोरडा. कार्निव्हल फेब्रुवारी नाहीतर मार्चच्या सुरुवातीला येतो, त्या आठवड्यात हॉटेलं परवडत नाहीत आणि साध्या टूरला गाईड मिळत नाहीत. दिवाळीत पाऊस असतो तरी मी म्हणेन जमलं तर दिवाळीच गाठा, तिथे सार्वजनिक सुट्टी असते, चग्वानासला दिवाळी नगर नावाचा मोठा मेळा भरतो आणि गावंच्या गावं पणत्या लावतात. आणि मार्च ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मतुराच्या किनाऱ्यावर रात्री लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, प्रचंड मोठी असतात. तिथे या महिन्यांत परमिट आणि गाईडशिवाय जायला बंदी आहे, फ्लॅश मारायचा नाही, टॉर्चसुद्धा नाही, गाईडकडे लाल दिवा असतो तेवढाच. परमिट टूरवालाच काढून देतो, फक्त बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम ठेवू नका, परत यायला मध्यरात्र उलटून जाते.